उत्तरांची फाइल

१

दुरुस्तीला आलेल्या यंत्राशी मी बोलतो. सवय चांगली नाही, मान्य आहे. पण बावीस वर्षं एका खोलीत एकट्यानं स्क्रू फिरवत बसलेल्या माणसाला एवढं तरी माफ असावं. ‘काय होतंय तुला’, ‘पुरे झाली नाटकं’, असं काहीबाही मी बोलत असतो. उत्तराची अपेक्षा नसते. तोंड चाललं की हात चालतात, एवढंच.

दुकान पहिल्या मजल्यावर. खाली शिंपी आहे, त्याच्या चार मशीनांची धडधड दिवसभर माझ्या फरशीतून येते. वर यायला अकरा लाकडी पायऱ्या. बायको रोज एक वाजता डबा घेऊन येते आणि खालच्या पायरीपाशी थांबून विचारते, “येऊ का वर?” याला कारण आहे. एकदा ती न विचारता आली, दार टेबलाला आपटलं आणि एका लॅपटॉपचे सगळे स्क्रू जमिनीवर सांडले. दोघांनी गुडघ्यांवर रांगत ते गोळा केले आणि तरी एक सापडला नाही तो नाहीच. तेव्हापासून ती विचारते. मी मात्र लगेच उत्तर देत नाही, कारण बहुतेक वेळा माझ्या ओठांत तीन-चार स्क्रू धरलेले असतात. तिला दोन-तीन हाका माराव्या लागतात, मग मी ‘ये’ म्हणतो, मग ती वर येऊन मला बोलते. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं आहे.

लोक मला डॉक्टर म्हणतात. शिक्षणामुळे नव्हे. जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आली की मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आतलं सगळं ऐकू येतं. तबकडी फिरल्याची बारीक शीळ, सुई सरकल्याची खरखर. कुठली डिस्क किती दिवसांची सोबती आहे ते मी ऐकून सांगतो, आणि सहसा चुकत नाही.

हे मी कागदावर पेनानं लिहितोय. संगणक दुरुस्त करणाऱ्यानं असं करावं याचं कुणाला हसू येईल. येऊ दे.

२

बाई आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका, ताठ कण्याच्या, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप.

“फार अडखळतो,” त्या म्हणाल्या. “मध्येच थांबतो. बाण हलवला तर हलत नाही, मग एकदम तीन ठिकाणी उड्या मारतो.”

“सुरू व्हायला किती वेळ घेतो?”

“काल अकरा मिनिटं चाळीस सेकंद. परवा नऊ मिनिटं पाच सेकंद.”

असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. बाकीचे लोक ‘फारच स्लो झालाय हो’ याच्या पुढे जात नाहीत.

लॅपटॉप त्यांच्या यजमानांचा होता. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मग घरातलं बोलणं असं चालायचं: बाई तोंडानं विचारायच्या, ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवायचे. सगळं एकाच फाइलमध्ये. तिचं नाव ‘उत्तरं’. दोन वर्षांत त्यांनी त्यातली एक ओळ पुसली नाही.

“प्रश्न त्यात नाहीत,” बाई म्हणाल्या. “ते माझ्याकडे आहेत. त्यात फक्त उत्तरं. एका शब्दाचं उत्तर असलं तरी पुढे पूर्णविराम. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस.”

तीन महिन्यांपूर्वी ते गेले. तेव्हापासून ही फाइल उघडते, वाचता येते, आणि शेवटच्या पानापाशी आली की लॅपटॉप जागच्या जागी थिजतो.

“बाकीचं मला पाठ आहे. शेवटचं पान तेवढं हवं. त्या दिवशी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. तिथूनच त्यांना एक प्रश्न विचारला. टाइप केल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, डॉक्टर. घड्या संपवून बाहेर गेले तर मान खाली घालून बसले होते, आणि स्क्रीन काळी.” त्यांनी हातातला टॉवेल सारखा केला. “उत्तर त्यात आहे. ते न वाचता मला जमणार नाही. झोपच लागत नाही.”

“प्रश्न काय होता?”

“तो तुम्हाला कशाला?” त्या म्हणाल्या. आवाज असा की मी खुर्चीत सरळ बसलो.

३

लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रू काढून ओठांत धरले, डिस्क बाहेर घेतली, वायरीला जोडली आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. मरायला टेकलेली डिस्क टकटकते, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. सुई जागा शोधते, सापडत नाही, परत मागे येते. टक, टक, टक, टक, दम लागल्यासारखं, न थांबता.

ही दोनदा वाजायची. टक टक. आणि शांत.

“काय होतंय तुला?” मी म्हटलं.

टक टक.

मला मजा वाटली. त्या दिवशी तेवढंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे डिस्क आहे तशी दुसरीकडे उतरवून घेणं. त्यासाठी माझ्याकडे एक छोटी डबी आहे. ती मध्ये लावली की डिस्कवरचं वाचता येतं, पण तिच्यावर एक अक्षरसुद्धा लिहिता येत नाही. प्रत उतरायला लागली. स्क्रीनवर वेगाचा आकडा दिसत होता, कधी वर, कधी खाली. दुखणाईत डिस्कचं तसंच असतं. पण एक गोष्ट लक्षात आली. मी बोललो की आकडा शून्यावर यायचा.

यात भूतबित काही नाही. आवाजानं डिस्क थरथरते, सुईचा नेम चुकतो. डिस्कवर ओरडलं तर ती मंदावते, हे मी पूर्वी स्वतः करून पाहिलेलं आहे. म्हणून परत करून पाहिलं. खाली शिंप्याची चारही मशीनं धडधडत होती, फरशी हलत होती, तरी आकडा जागचा हलला नाही. रेडिओवर बातम्या मोठ्यानं लावल्या. काही नाही. मी एकोणतीसचा पाढा म्हटला, जेवढा येत होता तेवढा. काही नाही. मग मी जरा चिडून म्हटलं, “काय गं, पाढे आवडत नाहीत का?” तर आकडा शून्य.

दुपारभर मी कामं सोडून हाच खेळ खेळत बसलो. नुसतं वाक्य बोललं तर डिस्क आपली चालत राहायची. प्रश्न विचारला की थांबायची. थोडा वेळ काहीच नाही, मग टक टक, आणि पुन्हा प्रत सुरू.

बायको डबा घेऊन आली तेव्हा मी डिस्ककडे वाकून, डब्यातला घास हातात धरून म्हणत होतो, “भूक लागली का रे?”

“जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही,” बायको म्हणाली आणि खिडकी उघडायला गेली.

४

दुसऱ्या दिवशी डिस्क जास्तच तापायला लागली आणि प्रत पंच्याऐंशी टक्क्यांवर अडकली. मग मी एक जुना गावठी इलाज केला. पुस्तकी लोक याला नाकं मुरडतात. वायर काढायची, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची. थंडीनं धातू आकसतो आणि कधीकधी शेवटचे थोडे तास मिळतात. दुकानात चहाच्या दुधासाठी छोटा फ्रीज आहे. दुधाच्या पिशवीशेजारी डिस्क ठेवली आणि दार लावता लावता म्हटलं, “थंडी वाजली तर सांग हं.”

फ्रीजमधून आवाज आला. टक टक.

डिस्कला वीज नव्हती. मी फ्रीजच्या दाराला हात लावून उभा राहिलो. जुना फ्रीज आहे, त्याची मोटर बंद होताना कुरकुरते. तीच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. दोन तास मी दुसऱ्या एका लॅपटॉपचा कीबोर्ड बदलत बसलो आणि त्या दोन तासांत तोंडातून चकार शब्द काढला नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली होती ती तेव्हाच.

त्याच दुपारी बाई चौकशीला आल्या. डिस्क परत जोडलेली होती, प्रत सरकत होती. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, काचेच्या दुकानात उभं राहावं तशा, हात मागे बांधून.

“होईल ना हो?” त्यांनी मला विचारलं.

आकडा शून्यावर आला. टक टक.

बाईंचा हात तोंडावर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि हळूच टेबलाच्या कडेवर मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. अगदी तसंच. तेवढंच अंतर.

“टाइप करून झालं की ते असं वाजवायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी घरात कुठेही असले तरी कळावं, उत्तर तयार आहे, ये आणि वाच. त्या दिवशी फक्त टाइप केल्याचा आवाज आला. हा नाही आला. म्हणून मी आधी घड्या संपवल्या.”

मी त्यांना सुई, तबकडी आणि थरथर सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि दोन चांगले प्रश्न विचारले. दोन्ही वेळा टक टक झालं. मग त्या निघून गेल्या. जिन्यावर त्यांचा पाय जरा अडखळल्याचं मला ऐकू आलं.

५

गुरुवारी सकाळी प्रत नव्व्याण्णव टक्क्यांवर पोचली. “अजून किती वेळ?” मी विचारलं, सवयीनं. टक टक झालं आणि पाचव्या मिनिटाला काम पूर्ण.

माझे काही नियम आहेत. गिऱ्हाईकाच्या फाइली उघडून वाचायच्या नाहीत. प्रत बरोबर उतरली का ते फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहायचं. प्रतीचा एक संच माझ्या मशीनवर आठ दिवस ठेवायचा, गिऱ्हाईकाची काही तक्रार आली तर असावा म्हणून, आणि नवव्या दिवशी पुसायचा. आणि जुनी डिस्क गिऱ्हाईकासमोर ड्रिलनं भोक पाडून निकामी करायची, म्हणजे कुणाचं खाजगी काही भंगारात जायला नको.

आकार जुळवताना एकच फाइल जुळेना. पहिल्या दिवशी मी ‘उत्तरं’चा आकार कागदावर टिपून ठेवला होता. आता ती थोडी मोठी होती. काही ओळींएवढी. डबी लावलेली असताना हे होणं शक्य नाही, म्हणजे टिपताना मीच आकडा चुकलो. दुसरं काय असणार? कागद मी चुरगळून टाकला.

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवली. न फिरणारी, आवाज न करणारी. बाई आल्या, मी बटण दाबलं, आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

“अठरा सेकंद,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. त्यांनी फाइल उघडून फक्त पहिलं पान पाहिलं. शेवटचं घरी बसून वाचेन म्हणाल्या.

मग मी जुनी डिस्क शिकंज्यात धरली आणि ड्रिल चालवलं. अॅल्युमिनियमचे बारीक कुरळे तुकडे टेबलभर उडाले. ड्रिल थांबवून मी डिस्कवर फुंकर मारली आणि बाईंना जरा हसवावं म्हणून म्हटलं, “दुखलं नाही ना?”

बाई हसल्या. शेजारी त्यांचा लॅपटॉप सुरूच होता. त्यांनी बाण हलवला, तर तो क्षणभर हलला नाही. नवीन आहे, बसेल, असं मी म्हटलं.

६

पुढचे दिवस चांगले गेले. कामं भरपूर होती. बायकोही खूश दिसत होती. एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, “हल्ली पहिल्या हाकेला ‘ये’ म्हणता. सुधारलात म्हणायचं.” मला तसं काही केल्याचं आठवत नव्हतं. पण बायकोनं आपणहून केलेली स्तुती कोण तपासून घेतो? मी मान डोलावली आणि जेवलो.

बाराव्या दिवशी सकाळी बाई परत आल्या. लॅपटॉप नव्हता. हातात शाळेची एकरेघी वही होती.

“पान मिळालं,” त्या म्हणाल्या. “पण त्यात माझ्या उत्तराच्या खाली आणखी उत्तरं आहेत. त्यांतली पाच उतरवून आणली आहेत. उत्तरं यांचीच, पूर्णविराम बघा. प्रश्न मात्र माझे नाहीत.” त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. डावीकडे उत्तरं लिहिली होती, उजवीकडे रेघ मारून जागा सोडली होती. “रिकाम्या जागा भरा.”

मी वाचलं.

दमलो आहे.
आता लागत नाही.
वाजते आहे.
संपत आलं.
नाही.

आयुष्यात कुठल्या परीक्षेत मला सगळं आलं असेल तर यातच. मी पेन घेतलं आणि एकेक प्रश्न लिहीत गेलो. काय होतंय तुला. भूक लागली का रे. थंडी वाजली तर सांग. अजून किती वेळ. अक्षर वाकडं येत होतं. शेवटच्या ‘नाही’पाशी मी थांबलो.

“तो मला येतो,” बाई म्हणाल्या. “मी समोर होते. दुखलं नाही ना, असं तुम्ही विचारलंत. पण प्रत तर त्याच्या आधीच उतरली होती ना?”

मी म्हटलं, लॅपटॉपला माइक असतो. बोललेलं टाइप करणारे प्रोग्राम असतात. त्यांपैकी एखादा चुकून सुरू राहिला असेल.

“तसं असतं तर तुमचे प्रश्न टाइप झाले असते,” बाई म्हणाल्या. “उत्तरं कुठून आली?”

मी वही पुन्हा एकदा वाचून काढली. बाई घाबरलेल्या दिसत नव्हत्या. न सुटणारं गणित समोर आलं की काही माणसांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती होती.

“आणि तुमचं उत्तर?” मी विचारलं. “ते मिळालं ना?”

त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. तिथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही त्यांच्या अक्षरात होतं.

मी येऊ का?
अजून नको. थोडं थांब.

“खोकल्याचा आवाज आला म्हणून विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “तीन महिने मला वाटत होतं, त्यांनी ये म्हटलं असणार आणि मी टॉवेलांच्या घड्या घालत बसले. तसं नव्हतं. नको म्हणाले ते. थांब म्हणाले.” त्यांनी डोळे पुसले, मग वही मिटली. “थोडं म्हणजे किती, तेवढं लिहिलेलं नाही. आठवडाभर विचारतेय मी. पण घरी काही बोलत नाहीत. पान तेवढंच आहे.”

जाताना दारात त्या वळल्या. “तुमच्याकडे एक प्रत राहते म्हणाला होतात.”

“पुसली,” मी म्हटलं.

७

पुसली नव्हती. नवव्या दिवशी पुसायची ती बाराव्या दिवशीही तिथेच होती. का, ते विचाराल तर उत्तर सोपं आहे: मला बघायचं होतं. बाई खाली उतरल्या, शिंप्याच्या दुकानावरून पुढे गेल्या, हे मी खिडकीतून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. मग दार लोटलं, चष्मा पुसला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईकाची फाइल उघडली.

त्या पाच उत्तरांच्या खाली आणखी ओळी होत्या. दीड पान.

पंख्यात धूळ आहे.
बॅटरी फुगली आहे, बदल.
केबल सैल. डावीकडची.
ये.
नाही, मदरबोर्ड ठीक आहे.

मला हसायला आलं, खरंच. गेल्या बारा दिवसांत दुकानात आलेल्या यंत्रांना मी जे जे विचारलं होतं, त्याची ही उत्तरं होती. आणि बरोबर होती! डावीकडची केबल शोधायला माझी अख्खी सकाळ गेली होती आणि इथे ती तीन शब्दांत लिहिलेली. त्या क्षणी शेजारी एक लॅपटॉप उघडा पडला होता, दोन दिवस त्याचा दोष सापडत नव्हता. मी घसा खाकरला. “याचं काय बिघडलंय?”

स्क्रीनवरचा बाण थिजला. आणि माझ्या मशीनच्या पेटीतून आलं, टक टक.

माझ्या मशीनमध्ये फिरणारी डिस्क नाही. त्यात हलणारं, आपटणारं काही नाही. फाइलीत खाली एक नवी ओळ होती: मेमरी काढून परत बसव. मी काढली, परत बसवली, आणि लॅपटॉप सुरू झाला.

भीती वाटायला हवी होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त हाव सुटली. एवढा गुणी माणूस पुसायचा कसा? मी सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं, बुधवारी तर आलेल्या प्रत्येक यंत्रासाठी विचारलं. आवाज गेलेला, बिचारा, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला माणूस. त्यालाही बरं वाटत असेल, असा हिशेब मी मनाशी केला.

फक्त ती एक ओळ लागेना. ये. मधूनमधून यायची, रोज एकदा, सगळ्या उत्तरांच्या मध्ये. मी खूप आठवून पाहिलं. ज्याचं उत्तर ‘ये’ येईल असं मी कुठल्याही यंत्राला विचारलेलं नव्हतं.

८

गुरुवारी मी एका लॅपटॉपचा पडदा उतरवत होतो. दोन्ही हात गुंतलेले, ओठांत पाच स्क्रू. माझी स्क्रीन समोर होती, फाइल उघडी होती. खाली शिंप्याची मशीनं एकेक करून बंद झाली, म्हणजे एक वाजायला आला. तो त्या वेळेला जेवायला उठतो.

दुकानात इतकी शांतता असते तेव्हा दुधाच्या फ्रीजचीसुद्धा घरघर ऐकू येते. मी पडद्याची कड नखानं उचलली. खाली चप्पल वाजली.

“येऊ का वर?” बायकोनं विचारलं.

मी काही बोललो नाही. बोलूच शकत नव्हतो.

स्क्रीनवरचा बाण थिजला.

टक टक.

फाइलीत सगळ्यात खाली नवी ओळ आली. माझी नजर तिच्यावरच होती. ती एकदम उमटली नाही. आधी अक्षर आलं, मग मात्रा, आणि थोडं थांबून, काळजीपूर्वक, पूर्णविराम.

ये.

पहिली पायरी वाजली. मग दुसरी. माझ्या हातातून पडदा सुटला आणि टेबलावर आपटून तडकला. बाईंनी वहीत लिहिलेलं डोळ्यांपुढे आलं. त्या माणसानं स्वतःच्या बायकोला नको म्हटलं होतं. माझ्या बायकोला तो रोज ये म्हणत होता. आणि रोज ती येत होती, डबा घेऊन, खूश होऊन. तिसरी पायरी. चौथी. मला भीती वाटली. मी स्क्रू जमिनीवर थुंकले आणि जिन्याच्या दाराकडे धावता धावता ओरडलो,

“अजून नको! थोडं थांब!”

हे शब्द माझे नाहीत, हे ओरडल्यावर कळलं.

पावलं थांबली. दार लोटलेलं होतं. पलीकडे बायको जिन्याच्या मधोमध उभी असणार, एका हातात डबा, दुसरा कठड्यावर.

“थांब काय?” ती म्हणाली. “आत्ताच तर ये म्हणालात. चांगलं मोठ्यानं.”

माझ्या मागे, टेबलावर, दोनदा वाजलं. आणि पाचवी पायरी कुरकुरली.